एक्सबॉक्स ३६० च्या हार्ड डिस्कमधली गाणी बाहेर कशी काढायची? मदत हवी आहे

गेम कन्सोल आहे एक्सबॉक्स ३६० स्लिम, २५० जीबी. बाबांच्या घरगुती मैफलींच्या सात सीडी २०११ साली त्यात रिप (सीडीवरची गाणी हार्ड डिस्कवर कॉपी) करून ठेवल्या होत्या. मूळ सीड्यांवर आता बुरशी आहे, दोन सीड्यांचा तर चंदेरी थरच पापुद्र्यासारखा सुटलाय. रेकॉर्डिंग घरचं, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नाही. कन्सोलवर मात्र सगळं अजूनही खणखणीत वाजतं.

पेनड्राइव्ह कन्सोलवरच फॉरमॅट करून पाहिला. गेम, सेव्ह, प्रोफाइल जातात. गाण्यांसाठी हलवायचा पर्यायच दिसत नाही. मग खालच्या कप्प्यातून डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने (हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी) विंडोज १० ला जोडली. ‘फॉरमॅट करा’ म्हणाला, घाबरून लगेच काढली! (काही लिहिलं गेलेलं नाही, परत बसवल्यावर गाणी वाजली.) डिस्क फॅटएक्स पद्धतीची (एक्सबॉक्सची फाइल साठवायची स्वतःची पद्धत) असते, म्हणून विंडोजला कळत नाही, इतपत समजलं.

कन्सोल मॉड (आतून फेरफार) केलेला नाही, करायचाही नाही. ऑडिओ आउटमधून रेकॉर्ड करा हे कृपया सुचवू नका. सात तास बसावं लागेल, तो शेवटचा उपाय.

फॅटएक्स वाचणारं सॉफ्टवेअर वापरून कुणी रिप केलेली गाणी प्रत्यक्ष बाहेर काढली आहेत का? ती कुठल्या फोल्डरमध्ये सापडतात, साध्या डब्ल्यूएमए (विंडोजचा ऑडिओ प्रकार) फाइलसारखी कॉम्प्युटरवर वाजतात का, आणि डिस्कवर काहीही न लिहिता नुसती वाचायची सोय कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?