'कनेक्शन पूल'मधला पूल मराठीत कसा लिहायचा?

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात वेबवर चालणारी ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवतोय आम्ही आणि डेटाबेस कनेक्शनच्या सेटिंगची माहिती मराठीत लिहायचं काम माझ्याकडं आलंय. सर्व्हरचं नाव, पोर्ट 1433, युजर, पासवर्ड, इथपर्यंत काही अडलं नाही. पुढं मी लिहिलं 'कनेक्शन पूल मोठा करा', तर अकाउंट बघणारे काका कागद घेऊन आले, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणले, "मालक, हा पूल दोन मशीनच्या मधला का? मोठा करायचा म्हणजे वायर बदलायची का?" त्यांचं काय चुकलं ओ, मराठीत पूल म्हणलं की नदीवरचाच. 'साठा' लिहू का 'संच'?

प्रतिसाद 1
साठा नकोच, साठा म्हणलं की वापरून संपणारी वस्तू वाटते, आणि इथं तर काहीच संपत नाही. आमच्या बार्शीकडं गावकीची भांडी असायची बघा, लग्न निघालं की पातेली-पराती न्यायच्या, काम झालं की घासून परत आणून ठेवायच्या, दर लग्नाला नवी कोण घेतंय! पूल म्हणजे अगदी तेच, उघडून ठेवलेली कनेक्शन, लागेल त्यानं घ्यायचं आणि परत ठेवायचं. म्हणून 'सामाईक कनेक्शन' लिहा. कोडमध्ये 'क्लोज' म्हणतात त्यालाही 'बंद करा' लिहू नका, 'परत करा' लिहा, कारण पूलिंग चालू असताना कनेक्शन खरं बंद होत नाही, जागेवर जाऊन बसतं. डॉट नेटमधून (प्रोग्राम ज्यात लिहितात ते) एसक्यूएल सर्व्हरला (डेटाबेसला) जोडताना आकडा दिला नाही तर जास्तीत जास्त 100 कनेक्शन धरतात, ती सगळी बाहेर असली आणि कोणी परतच केली नाहीत तर पुढचा थांबून राहतो, मग 100 चे 200 करूनही चार दिवसांनी पुन्हा तेच.

प्रतिसाद 2
सामाईक चांगलाय, पण स्क्रीनवर 'पूल' दिसतो तो एकदा तरी लिहावा लागेल. बोलताना आपण फरक करतोच की, नदीवरचा असला तर पुलावर, पुलाखाली, आणि हा असला तर पूलमध्ये, पूलमधून. या इंग्रजी पूलचा ऊ आपण दीर्घच ठेवतो. म्हणून नुसतं 'पूल मोठा करा' लिहू नका, तिथं रूप बदलत नाही, घोटाळा तिथंच होतो. 'पूलमधली कनेक्शन वाढवा' लिहा.

मूळ प्रश्न विचारणारा
दोघांचंही घेतलं. अजून एक सापडलं, टाइमआउटच्या (ठरल्या वेळेत काम झालं नाही की येणाऱ्या) एररला मी 'मुदत संपली' लिहिलं होतं, तर सॉफ्टवेअरचं वर्षाचं पैसे भरायचं राहिलं का म्हणून फोन आला. आता लिहिलंय 'सामाईक कनेक्शनसाठी (स्क्रीनवर: पूल) 15 सेकंद वाट पाहिली, मोकळं मिळालं नाही'. काकांना वाचून दाखवलं, गावकीची भांडीही सांगितली, तर लगेच विचारलं, "मग कुणी परत केलं नाही ते कुठं दिसतं?" एसक्यूएल सर्व्हरच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये उघडी कनेक्शन दिसतात, पण कुणी परत केलं नाही ते नुसतं तिथं बघून कळत नाही म्हणलं, आता तेही लिहायला घेतलंय.