मुंबईत इतक्या जवळजवळ एवढी मेडिकल कॉलेजं कशी?

लातूरची_वैशाली

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला यंदा नायरला एमबीबीएसला प्रवेश मिळालाय. घरातला पहिलाच डॉक्टर, त्यामुळे सगळे हरखून गेलेत. प्रवेशासाठी मुंबईला गेलो तेव्हा बघितलं, भायखळ्याला जे.जे., पुढे मुंबई सेंट्रलला नायर, आणखी पुढे परळला केईएम. एकाच शहरात, इतक्या जवळ, वेगवेगळी कॉलेजं कशाला काढली असतील? केईएम आणि जी.एस. एकच की दोन? आणि बाबांचा प्रश्न: कॉलेज मुंबईचं, मग कागदावर विद्यापीठ नाशिकचं कसं?

परळकर_डॉक्टर

वैशालीताई, भावाचं मनापासून अभिनंदन. मी जी.एस.चा, सत्तरच्या दशकातला. हाउसमनकी आणि रजिस्ट्रारशिपही केईएमलाच केली, म्हणून अधिकारानं लिहितो.

बाबांचं आधी. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं आणि राज्यातली मेडिकल कॉलेजं तिकडे जोडली गेली. त्याआधी आम्हा सगळ्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. केईएम हे हॉस्पिटल, जी.एस. हे कॉलेज, आवार एकच. पेशंट केईएम म्हणतात, आम्ही 'जीएसचे' म्हणवतो.

आता तुमचा खरा प्रश्न. ही कॉलेजं कुणी नकाशा पुढ्यात घेऊन आखलेली नाहीत. आधीच्या कॉलेजात जे मिळत नव्हतं, ते मिळवण्यासाठी पुढचं निघालं.

सरकारनं १८२६ साली मुंबईत एक वैद्यकीय शाळा काढली होती, देशी भाषांतून शिकवणारी. ती १८३२ ला बंद केली. नंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पूर्ण कॉलेजासाठी नेट धरला, पण १८३८ ला ते दापोडीला वारले तेव्हा त्याची एक वीटही रचलेली नव्हती. जमशेटजी जीजीभाईंनी हॉस्पिटलसाठी, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या जे.जे.साठी, लाख रुपये दिले आणि १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. गंमत बघा, मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे कॉलेज विद्यापीठापेक्षा बारा वर्षांनी मोठं! त्यामुळे १८५१ ला पहिली तुकडी बाहेर पडली तिला कॉलेजनंच पदवी दिली, जी.जी.एम.सी., ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. त्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. ही माणसं नुसती नाडी बघत बसली नाहीत. भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी वर्षं घातली.

शिकवायला माणसंही तोलामोलाची होती. ग्रेच्या अ‍ॅनाटॉमीतली मूळ चित्रं ज्यांच्या हातची, ते हेन्री व्हॅनडाइक कार्टर इथे शरीरशास्त्र शिकवायचे. भाऊ फर्स्ट इयरला ते पुस्तक उघडेल तेव्हा त्याला हे जरूर सांगा. आणि १८९६ ला प्लेग आला तेव्हा शास्त्रज्ञ हाफकिन याच कॉलेजात बसून लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचं निदान सर्वांत आधी करणारे मांडवीचे डॉ. व्हिएगस हेही ग्रँटचेच विद्यार्थी.

पण एक दार बंद होतं. प्राध्यापकाच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक इंग्रजांकडे. विलायतेहून एम.डी., एफ.आर.सी.एस. होऊन आलेला हिंदी डॉक्टर स्वतःच्या गावात शिकवू शकत नव्हता. मला आजही याचा संताप येतो.

त्यातून दोन वाटा फुटल्या. १९२१ ला, असहकाराच्या भरात, नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं. हेच तुमच्या भावाचं कॉलेज, आजचं टोपीवाला नॅशनल. नावातला 'नॅशनल' त्या दिवसांचा आहे. डॉ. आनंदराव नायर यांनी आपल्या आईच्या, यमुनाबाईंच्या नावानं हॉस्पिटल उभं केलं. टोपीवाल्यांची देणगी नंतरची. दुसरी वाट परळची. शेठ गोवर्धनदास सुंदरदास (म्हणजेच जी.एस.) यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसा दिला तो एका अटीवर: शिकवणारे सगळे पात्र हिंदी डॉक्टर असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. मला विचाराल तर या शहराच्या इतिहासात यापेक्षा स्वाभिमानी अट नाही. १९२६ ला जी.एस. आणि केईएम सुरू झालं. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बाहेर भरपूर कमावणारे मोठमोठे डॉक्टर आमच्याकडे 'ऑनररी', म्हणजे मानद डॉक्टर, म्हणून येत आणि राउंड घेत. त्यांच्यामागे चालताना आम्ही जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं. आणि खरे शिक्षक गिरणगावातले पेशंट. कापसाच्या धुळीनं छाती भरलेला कामगार कॉटवर बसून आपला खोकला कधी वाढतो, सुट्टीनंतर कामावर गेलं की कसा दम लागतो, हे इतकं नेमकं सांगायचा की निम्मं निदान तिथेच व्हायचं. वॉर्डातले मामा आणि आयाबाई आम्हाला सलाइन लावताना बघून 'साहेब, ही शीर नको, ती घ्या' म्हणत. त्यांचंच बरोबर असे.

म्हापशेकर

डॉक्टर, उत्तम लिहिलंत. एक भर घालतो. आमची पणजीची वैद्यकीय शाळा पोर्तुगीजांनी १८४२ ला सुरू केली, म्हणजे ग्रँटच्या आधी. तिथे शिकलेले गोंयकार डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला जात. मुक्तीनंतर, १९६३ ला, तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. आता कॉलेज बांबोळीला आहे. मांडवीकाठची जुनी इमारत इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या वेळी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती कॉलेजची हे फार थोड्यांना ठाऊक.

परळकर_डॉक्टर

म्हापशेकर, हे हवंच होतं, आभार. भाऊ दाजीही मूळचे तुमच्याच मांद्र्याचे.

सोलापुरी_चादर

पण काका, ही सगळी जुनी थोरवी झाली. पुढे या कॉलेजांनी काय केलं? आज तर केसपेपरसाठीच रांग इमारतीबाहेर जाते.

परळकर_डॉक्टर

रास्त प्रश्न. दक्षिण आफ्रिकेचे सर्जन डॉ. बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ ला केपटाउनला माणसाचं हृदय बदललं आणि फेब्रुवारी १९६८ ला डॉ. पी. के. सेन यांनी केईएमला तेच केलं. पेशंट काही तासच जगला. मेंदूमृत्यूचा कायदाही आपल्याकडे नव्हता, तो १९९४ चा. पण महापालिकेच्या हॉस्पिटलात, गोरगरिबांच्या हॉस्पिटलात, हे धाडस झालं. ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तीही इथेच. आणि गर्दी वाढली तेव्हा पालिकेनं आणखी एक कॉलेज काढलं, सायनचं, १९६४ ला. ते हॉस्पिटल सुरू झालं होतं लष्कराच्या बराकींत.

रांगेचं दुखणं खरं आहे. नायर, केईएम, सायन पालिका चालवते, पण पेशंट येतात नंदुरबारहून आणि उत्तर प्रदेशातूनही. जिल्ह्याजिल्ह्यात चांगलं हॉस्पिटल होईपर्यंत परळची रांग हटणार नाही. नुसत्या जागा वाढवून भागणार नाही, शिकवणारे आणि परिचारिका आधी नेमा. हे मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक व्यासपीठावर सांगत आलोय.

लातूरची_वैशाली

डॉक्टरकाका, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं विचारलंय, मुलींना कधीपासून घ्यायला लागले?

परळकर_डॉक्टर

आईंना नमस्कार सांगा. ग्रँटला १८८३ पासून. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेही हेच वर्ष. जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी निधी उभारला तो तीन कामांसाठी: विलायतेहून स्त्री डॉक्टर आणणं, बायकांचं हॉस्पिटल काढणं आणि ग्रँटचं दार मुलींना उघडणं. त्यातून डॉ. एडिथ पेची मुंबईला आल्या. एडिंबरोच्या विद्यापीठानं ज्या बायकांना पदवी नाकारली त्यांच्यापैकी त्या एक. १८८६ ला कामा हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथे बायकांवर बायकाच उपचार करू लागल्या.