सहा एकरांवर हरणाची शिकार: रायफल, स्लग की क्रॉसबो?

बर्क्सवाला
पेनसिल्व्हेनियात बर्क्स काउंटीत आमची सहा एकर जागा आहे. म्हणजे आपल्या हिशेबात २४० गुंठे, ऐकायला जहागीर वाटते पण आकार बघा, रस्त्याला ३०० फूट रुंद आणि मागे ८७० फूट लांब, नुसती पट्टी. दोन्ही बाजूच्या शेजार्‍यांची घरं रस्त्यापासून ८० फुटांवर, मागे मका असायचा तिथे प्लॉट पाडून घरं चाललीत, आमच्या हद्दीपासून साधारण १०० फुटांवर. हरणं रोज संध्याकाळी येतात, भोपळ्याचे वेल, मेथी, सफरचंदाची रोपं काही ठेवत नाहीत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफल सीझन सुरू होतो आणि ऑफिसातले सगळे म्हणतात .३०-०६ रायफल घे, एकदाच घे आणि चांगली घे.

माझं मत स्पष्ट आहे, इतक्या जागेत रायफल नको. आणि "मग स्लग (शॉटगनमधून सुटणारी एकच जाड गोळी) वापर, तो सेफ असतो" हे जे प्रत्येक जण सांगतो ना, तेही नको. क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, घ्यावा आणि विषय संपवावा.

हिशेब करा. आमच्याकडे राहत्या घरापासून १५० यार्ड, म्हणजे ४५० फुटांच्या आत बंदुकीने शिकार करायची तर त्या घरात राहणार्‍याची परवानगी लागते. पुढच्या घरांपासून मोजलं तर रस्त्यापासून ५३० फुटांच्या मागे जावं लागतं. मागच्या घरांपासून मोजलं तर रस्त्यापासून ५२० फुटांच्या मागे जायला नको. उरलं काय? काहीच नाही. धनुष्य आणि क्रॉसबोला तेच अंतर ५० यार्ड आहे, मग मधे जवळजवळ ५९० फूट मोकळे मिळतात. बोला.

ओहायोकर
बोलतो. आधी एक सांगा, मागच्या घरांत लोक राहायला आलेत का? नियम राहत्या घराचा आहे, नुसत्या उभ्या भिंतींचा नाही. नसतील आले तर या वर्षी तुमच्याकडे मागची ३४० फूट जागा आहे, आणि शेजार्‍यांशी बोलणं असेल तर लेखी परवानगी घ्या, निम्मा प्रश्न मिटतो.

आणि रायफल म्हटलं की लोकांना थेट .३०-०६ च का आठवते? ओहायोत हरणासाठी कित्येक वर्षं फक्त शॉटगन चालायची, २०१४ पासून स्ट्रेट-वॉल, म्हणजे वर निमुळती न होणार्‍या सरळ काडतुसांच्या रायफली चालू झाल्या. मिशिगननेही दक्षिण भागात त्याच वर्षी परवानगी दिली, आयोवाने २०१७ ला. विंचेस्टरचं .३५० लेजेंड काडतूस २०१९ ला आलं ते याच बाजारासाठी. धक्का कमी, १५० यार्डांपर्यंत हरणाला पुरतं, आणि गोळी .३०-०६ सारखी सुसाट नाही. धक्का कमी म्हणजे माणूस चाप ओढताना दचकत नाही, नेम चुकत नाही. बारा गेजच्या (मोठ्या नळीच्या शॉटगनच्या) स्लगने खांदा सुजवून घेतलेला माणूस पुढच्या वेळी डोळे मिटून बार काढतो, त्याची गोळी कुठे जाणार ते देवाला माहीत. माझ्या मते छोट्या जागेला .३५० लेजेंड, सिंगल शॉट (एका वेळी एकच गोळी) किंवा बोल्ट अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने खटका ओढायची).

बर्क्सवाला
@ओहायोकर, मागची घरं रिकामी आहेत हे खरं, पण उन्हाळ्यापर्यंत भरतील. आणि रिकाम्या घरात सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन दिवसभर असतात, ते माणसं नाहीत का? कायद्यात बसतं म्हणून गोळी कमी लागते का त्यांना?

झाडावरचा
दोघेही बंदुकीच्या नावावर भांडताय, गोळी कुठल्या कोनात सुटते ते कोणीच बोलत नाहीये.

२००७ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या एका समितीने याच प्रश्नावर अभ्यास करून घेतला होता, की शॉटगन आणि ठासणीची बंदूक खरोखर रायफलपेक्षा कमी धोक्याची आहे का. नळी ३५ अंश वर करून बार काढला तर .३०-०६ ची गोळी जवळपास १४,००० फूट जाते, शॉटगनचा स्लग १०,४०० च्या आसपास, ठासणीची ९,२००. इथपर्यंत सगळ्यांना वाटतं तसंच. पण आभाळाकडे नळी करून हरीण कोण मारतं? नळी जमिनीला समांतर धरली आणि गोळी जमिनीवर आपटून उसळली तर .३०-०६ ची साधारण ४,८०० फूट गेली आणि स्लगची ५,२००. म्हणजे स्लग जास्त लांब! कारण रायफलची गोळी पातळ आणि वेगवान, आपटली की वाकते फुटते, जाड जड स्लग मात्र तसाच पुढे उसळत जातो. तेव्हा "स्लग सेफ" ही समजूत अर्धीच खरी आहे, इथे धागाकर्त्याशी मी सहमत.

पण म्हणून क्रॉसबो हेच उत्तर असं नाही. मचाणावर बसा. हिशेब सोपा आहे, नळी १५ फूट उंचीवर, हरीण ४० यार्डांवर, नेम छातीवर म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांवर. गोळी आरपार गेली तरी हरणामागे २४ फुटांवर मातीत घुसते. तेच हरीण १०० यार्डांवर असेल तर ६० फूट मागे, आणि कोन इतका उथळ की उसळायची भीती. म्हणून नियम एवढाच, उंचावरून आणि जवळून, ५० यार्डांपलीकडे बार नाही. असं केलंत तर हातात काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

ओहायोकर
+१. हेच म्हणायचं होतं मला, फक्त इतकं नीट नाही जमलं.

जर्सीची वहिनी
नाही हो भाऊजी, फरक पडतो. तुमचं गणित हरीण उभं असताना आणि माणूस शांत असताना बरोबर आहे. चुकून बार उडाला तर? हरीण पळालं आणि माणूस नळी त्याच्यामागे फिरवत गेला तर? तिथे कोन कोण मोजतं. .२२ ची चिमुकली गोळी, तिच्या डब्यावरसुद्धा दीड मैल जाते म्हणून लिहिलेलं असतं. क्रॉसबोचा बोल्ट, म्हणजे त्याचा आखूड बाण, सुटला तरी शंभर-दोनशे यार्डांत कुठेतरी गवतात पडतो, वर करून मारला तर अजून लांब जाईल, पण मैलभर नाही.

आमच्या न्यू जर्सीत हरणाला काडतुसाची रायफल चालतच नाही. बंदुकीला इमारतीपासून ४५० फूट, धनुष्याला १५० फूट. उगाच नाही केलेत नियम, इथे घराला घर लागलेलं. आमच्या मिस्टरांनी क्रॉसबोच घेतलाय. कपाटात बंदूक नाही म्हणून मुलांच्या मित्रांच्या आया पण निश्चिंत, हा मुद्दा कुणी काढत नाही बघा.

झाडावरचा
वहिनी, क्रॉसबोलाही कुलूप लावा हं. ताणलेला क्रॉसबो म्हणजे भरलेलीच बंदूक, आणि दोरीच्या वाटेत अंगठा आला तर अंगठा जातो. शिवाय बर्‍याच मॉडेलांत एकदा ताणला की मोकळा करायला बोल्ट जमिनीत मारावाच लागतो.

नागपूरचा
मी इकडूनच वाचतोय. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर चितळाला हात लावला तर तुरुंग, आणि तुम्ही भोपळ्यासाठी हरणं मारताय? आठ फुटी जाळी का नाही लावत?

बर्क्सवाला
@नागपूरचा, जाळी लावलीय भाजीला. पण सहा एकरांना आठ फुटी जाळीचा खर्च विचारा कधीतरी. आणि इथे व्हाइटटेल, म्हणजे हे पांढर्‍या शेपटीचं हरीण, दुर्मिळ प्राणी नाही, लांडगे गेले, प्यूमा गेले, हरणं मोकाट झाली. रस्त्यावर गाडीखाली मरतात ती वेगळीच. मटण आम्ही खातो, जास्त झालं तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्टला देतो, ते फूड बँकांना पोचवतात. तुमच्याकडे रानडुकरांनी सोयाबीन झोपवलं की शेतकरी काय म्हणतो ते तुम्हालाही माहीत आहे.

ठासणीवाला
कोणीच न विचारलेला मुद्दा. धागाकर्ते ग्रीन कार्डवर आहेत का एच-वन व्हिसावर? कारण फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या, एच-वनसारख्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायलाच बंदी आहे, अपवादांपैकी आपल्या कामाचा एकच, अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. चालू! पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं. १ जुलैला नवीन नाही काढलं आणि बंदूक कपाटात आहे, तर झालात गुन्हेगार, २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत. आपल्यातली किती मंडळी मित्राबरोबर हौसेने दुकानात जातात आणि हे माहीतच नसतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

क्रॉसबो या कायद्याने बंदूक नाही. आणि काळ्या दारूची, तोंडाकडून भरायची ठासणीची बंदूक सुद्धा फेडरल व्याख्येत साधारणपणे बसत नाही, राज्याचा कायदा वेगळा असू शकतो तो आधी बघा. मी म्हणून .५० ची ठासणीची वापरतो. एकच बार मिळतो, तो उडाला की पुन्हा दारू, गोळी, गज, सगळं निवांत. एकच बार असला की माणूस दहा वेळा विचार करतो, छोट्या जागेत मला हीच खरी सेफ्टी वाटते. कोकणात आजोबांच्या पिढीने याच प्रकाराने डुकरं हाकलली.

ओहायोकर
ते डुकरं हाकलायचे, तुम्हाला हरीण जागेवर पाडायचंय. आणि मला क्रॉसबोवाल्यांकडून याचंच उत्तर हवंय. बोल्ट फुप्फुसात बसला तरी हरीण शंभर यार्ड पळतं. ३०० फूट रुंदीच्या पट्टीत मधोमध मारलं तर दोन्हीकडे फक्त ५० यार्ड, पडणार शेजार्‍याच्या अंगणात, त्याच्या पोरांच्या झोपाळ्याखाली. पेनसिल्व्हेनियात जखमी जनावर आणायला दुसर्‍याच्या जागेत शिरायचा हक्क नाही, परवानगी लागते. रायफलीने पुढच्या खांद्यावर मारलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे बसतं. छोट्या जागेत ही पण सेफ्टीच आहे ना?

बर्क्सवाला
हा मुद्दा तगडा आहे, मान्य. मी डावीकडच्या शेजारणीशी बोललोय, आजी आहेत, त्या म्हणाल्या हरीण माझ्याकडे पडलं तर एक मांडी मला. उजवीकडचा माणूस शाकाहारी आहे आणि त्याचा कुत्रा दिवसभर मोकळा फिरतो. तिकडे तोंड करून काहीच मारायचं नाही हे पक्कं. म्हणजे मचाण उजव्या हद्दीला, तोंड डावीकडे, २५ यार्डांच्या आत. रक्ताचा माग काढायचा तर आजींच्या बाजूला.

झाडावरचा
जमलं की मग. दोन गोष्टी अजून. मचाणावर चढायच्या आधी, चढताना आणि उतरताना पूर्ण हार्नेस. इथल्या शिकार्‍यांचे कितीतरी अपघात गोळीने नाही, मचाणावरून पडून होतात. आणि शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, घरात लहान मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळी बघा. क्रॉसबोला तो प्रश्नच नाही, हे तुमच्या बाजूने.

बाकी बंदूक घ्यायचीच ठरली तर वीस गेजची सॅव्हेज २२० शॉटगन, नळीला आतून आटे असलेली. बारा गेजच्या मानाने धक्का बराच कमी. नळी आतून गुळगुळीत असेल तर साबो स्लग (प्लॅस्टिकच्या वेष्टणातले) वाया जातात, दुकानदार हे दर वेळी सांगत नाही.

जर्सीची वहिनी
म्हणजे शेवटी क्रॉसबोच ना? एवढं सगळं गणित करून 😀

ओहायोकर
मी तरी .३५० च म्हणेन. मागची घरं भरेपर्यंत एक सीझन मिळतोय.

बर्क्सवाला
आणि भरल्यावर? एका सीझनसाठी रायफल, स्कोप, तिजोरी, सगळं घेऊन ठेवू?

ओहायोकर
अहो ठेवा की. पेनसिल्व्हेनियात स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीला खुल्या सरकारी जमिनी, पंधरा लाख एकर आहेत, तुमच्या उत्तरेला ब्लू माउंटनचा अख्खा डोंगर पडलाय. घरामागे क्रॉसबो, डोंगरावर रायफल. डोंगरावर मागे माती असते, तुमच्याकडे मागे प्लंबर आहे. येताय का, मी ओहायोहून निघतो, नॉनरेसिडेंट लायसन्स काढतो आणि २५० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर घालून हजर होतो.

ठासणीवाला
आधी व्हिसाचं उत्तर द्या मालक.

बर्क्सवाला
ग्रीन कार्ड आहे. बायको एच-फोर व्हिसावर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा) होती तेव्हा मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा घरात बंदूक नव्हती ते बरं झालं. @ओहायोकर, या. आजींची मांडी सोडून बाकी वाटून घेऊ.