मदत हवी आहे - शनिवारी पीटीएक्स, सीट बदलून मिळते का? (अर्जंट)

टेक्सासचा_पाहुणा:
मंडळी लवकर उत्तर द्या प्लीज. शनिवारी पीटीएक्सचा ख्रिसमस शो आहे, चार तिकिटं आहेत आणि सीट्स पार वरच्या मजल्यावर आल्यात. आईला ते जमणार नाही हे काल फोटो बघितल्यावर कळलं. सीट बदलून मिळतात का? कस्टमर केअरवाले चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून फोन कापतात आणि चॅटवर जो बॉट बसवलाय तो सारखा विचारतोय तुम्हाला तिकीट विकायचंय का. नाही विकायचंय रे बाबा! कोणी केलंय का असं?

खवचट_काका:
पीटीएक्स म्हणजे काय? आमच्या हिला दाताच्या डॉक्टरने असलंच काहीतरी लिहून दिलं होतं.

निळी_शाई:
काका, पेंटाटॉनिक्स. पाच जण, वाद्यं नाहीत, सगळं गळ्यातून. २०११ ला द सिंग-ऑफ हा टीव्ही शो जिंकले. पाहुणे, शहर कुठलं? आणि जमणार नाही म्हणजे नक्की काय, गुडघे, चक्कर की उंचीची भीती?

टेक्सासचा_पाहुणा:
डॅलस. गुडघे, अजून काय. घरात तेरा पायऱ्या आहेत, ती कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत उतरते, मध्येच थांबते आणि थांबली की भिंतीवरचा फोटो उगाच सरळ करते, म्हणजे दमली म्हणून थांबली असं कुणाला वाटायला नको. तो फोटो आता कायम तिरकाच असतो.

बोस्टनची_सून:
डॅलस म्हणजे त्यांचं घरच की! त्यातले तिघं शेजारच्या आर्लिंग्टनमधल्या एकाच शाळेतले. मी २०१८ ला बघितलाय शो, वाद्यं नाहीत म्हटलं तरी त्यांच्यातला केविन एका गाण्यात चेलो (मोठं व्हायोलिन) वाजवता वाजवता तोंडाने बीटबॉक्स करतो, अंगावर काटा येतो. जॅकेट न्या.

रोखठोक_राजा:
एवढे गुडघे दुखतात तर न्यायचंच कशाला? घरी मोठ्या टीव्हीवर यूट्यूब लावून द्या, पार्किंगचे पैसे पण वाचतील.

टेक्सासचा_पाहुणा:
मी विचारलंय सीट बदलते का, न्यावं का ते नाही विचारलं. शो तिलाच बघायचाय. मागच्या वर्षी मेथी निवडत बसली होती, टीव्हीवर यांचं गाणं लागलं तर म्हणाली, अरे तो तबलजी कुठं बसलाय, दाखवतच नाहीत त्याला. तबलजी नाहीये म्हटलं तर पटेना. तीन वेळा मागं घेऊन दाखवलं. तेव्हापासून डिसेंबर लागला की "ती तोंडानं वाजवणारी पोरं" लाव म्हणते.

सुरेल_सदू:
त्यात काय विशेष, आपल्याकडे तबल्याची पढंत शेकडो वर्षं आहे, धा धिं धिं धा. यांनी माईक लावून केलं की लगेच कौतुक.

बोस्टनची_सून:
सदूभाऊ, पढंत म्हणजे बोल म्हणायचे. हा माणूस ड्रमचा आवाजच काढतो, किक वेगळी, स्नेअर वेगळा. दोन्ही भारी आहेत, भांडताय कशाला.

सुरेल_सदू:
भांडत नाहीये, माहिती देतोय. सारसबागेतली दिवाळी पहाट बघा एकदा, पहाटे उठून लोक गवतावर बसतात, सीटच नाही तर बदलायची काय.

खवचट_काका:
गवतावर बसलेल्या गुडघेवाल्याला उठवतं कोण सदू?

आयटी_आणि_इडली:
मुद्द्याचं बोलतो. इथल्या अपंगांसाठीच्या कायद्यात, म्हणजे एडीएमध्ये, तिकिटांचे नियम आहेत. पायऱ्या नसलेली सीट मागताना डॉक्टरचं सर्टिफिकेट मागता येत नाही. रिकाम्या असतील तर त्या सीटसोबत आणखी तीनपर्यंत सीट शेजारी मिळतात, म्हणजे तुमचे चौघं बसले. तिकीट दुसऱ्याकडून घेतलेलं असलं तरी बदलून द्यावं लागतं, पण तशी जागा शिल्लक असेल तरच, म्हणून शनिवारची वाट बघू नका. विक्रीच्या साईटला फोन करून उपयोग नाही, हॉलच्या बॉक्स ऑफिसला करा आणि "अ‍ॅक्सेसिबल सीटिंग" हेच शब्द वापरा. गुडघेदुखी सांगत बसलात तर ते लिफ्ट कुठे आहे ते सांगून फोन ठेवतील, माझ्या सासऱ्यांच्या वेळी तेच झालं. तिकिटं तुमच्याच अ‍ॅपमध्ये आहेत ना?

टेक्सासचा_पाहुणा:
अ‍ॅपमध्ये नाहीत. मित्राकडे जास्तीची होती, त्याने स्क्रीनशॉट पाठवलेत.

आयटी_आणि_इडली:
अहो हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!! बारकोड सारखा बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट गेटवर चालणार नाही. मित्राला आत्ताच्या आत्ता अ‍ॅपमधून ट्रान्सफर करायला लावा, मग बॉक्स ऑफिस.

निळी_शाई:
आणि बॅगेचा नियम पण बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी पारदर्शकच लागते. आईंना गोळ्या-औषधं असतील तर ती वेगळी काढून दाखवा.

रोखठोक_राजा:
म्हणूनच म्हटलं होतं यूट्यूब.

टेक्सासचा_पाहुणा:
अपडेट. मित्र झोपला होता, उठवला, तिकिटं आली. बॉक्स ऑफिसच्या बाई चांगल्या निघाल्या, पाच मिनिटांत काम. आई आणि तिघं, सगळे एका ओळीत, दारातून सरळ आत, एकही पायरी नाही. स्टेज जरा तिरकं दिसेल म्हणाल्या. आईला सांगितलं तर म्हणते तिरकं चालेल, पण तो तबलजी दिसला पाहिजे.