ऑफबीटला मराठीत काय म्हणायचं?

बोरू: स्का (जमैकातलं नाचरं संगीत) वाजवणाऱ्या लंडनच्या मॅडनेस या बँडच्या पहिल्या अल्बमवरचा (वन स्टेप बियॉन्ड, १९७९) मजकूर मराठीत आणतोय. 'गिटार ऑफबीटवर वाजते' इथे गाडं अडलंय. शब्द तसाच ठेवला तर वाचकाला ऑफबीट सिनेमा आठवणार. संपादकांनी 'खालीवर वाजते' सुचवलंय. चालेल?

तिरकीट: मुळीच नाही. एक तर ते 'वरखाली'सारखं वाचलं जाईल. दुसरं, तालातली खाली ही बरोब्बर मात्रेवरच पडते. तीनतालात नववी मात्रा खालीची. टाळीऐवजी हात बाजूला नेतात, इतकंच. स्काची गिटार दोन ठोक्यांच्या मधोमध पडते. केरवा घ्या: धा गे ना ती, ना क धि न. पाय १, ३, ५, ७ वर आपटा. गिटार येईल गे, ती, क, न वर.

शुद्धमती: 'अनाघात' म्हणा की. आघात जिथे नाही ते स्थान. तयार शब्द असताना उसनवारी कशाला?

खुंटी: पण स्कामध्ये खरा आघात तिथेच असतो हो! आणि 'अनाघात' वाचून निम्मे लोक योगातल्या अनाहत नादाकडे वळतील.

शुद्धमती: मग 'अनागत'?

तिरकीट: ती समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची गोष्ट. बोल समेच्या आधी संपला की अनागत, नंतर संपला की अतीत. काही जण नेमकं उलट सांगतात. ती गंमत आवर्तनात एकदा होते. इथे गिटार गाणं संपेपर्यंत त्याच जागेवर. सरळ 'अर्ध्या मात्रेवर' लिहा, वाजवणारे तेच बोलतात.

खुंटी: अर्ध्या मात्रेवर, पण कुठल्या लयीत मोजून? स्का चार ठोक्यांत मोजलं तर गिटार 'एक-आणि-दोन-आणि'मधल्या 'आणि'वर. तेच दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत मोजलं तर ती समसंख्येच्या पूर्ण मात्रांवर येते, जशी वरच्या केरव्यात आली. त्यामुळे मोजणी न सांगता 'अर्ध्या मात्रेवर' लिहिणं अपुरं.

माझ्या मते जागेपेक्षा आवाजाचं वर्णन करा. तारा खालून वर छेडायच्या, त्याही बारीक तीन-चारच. सूर वाजला की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. उचलली की मोकळ्या तारा गुणगुणतात, मधली पोकळी भरून जाते आणि गाण्याची उडी मरते. नवशिके इथेच फसतात आणि दोष ड्रमरला देतात. मॅडनेसमध्ये माइक बार्सनचा पियानोही गिटारीच्या जोडीला असतो, म्हणून नुसतं 'गिटार' लिहिणंही अर्धवटच.

बोरू: म्हणजे 'ठोक्यांच्या मधल्या जागी तुटक सूर'?

पानसुपारी: ते राहू द्या, नावाचं काय केलंत? 'एक पाऊल पुढे' नको, ती सरकारी योजना वाटते. बियॉन्ड म्हणजे पलीकडे.

खुंटी: नावाचं भाषांतर करूच नये. ते शीर्षकगीत मुळात जमैकाच्या प्रिन्स बस्टरचं, १९६४ चं. 'मॅडनेस' हे नावही त्याच्याच गाण्यावरून. नाव बदललंत की हे धागे तुटतात.

शुद्धमती: निदान 'अल्बम'ला तरी 'ध्वनिमुद्रिका' म्हणा!

तिरकीट: ध्वनिमुद्रिका ही वस्तू झाली. एका गाण्याची तबकडीही ध्वनिमुद्रिकाच.

पानसुपारी: अल्बमही वस्तूच होती की. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटं मावायची. लांब रचना असली की चार-पाच तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, पानापानाच्या पाकिटांत घालून विकायचे. फोटोंच्या वहीसारखी ती दिसायची, म्हणून अल्बम. पुढे सगळं एका लाँगप्लेवर आलं; वही गेली, नाव राहिलं.

शुद्धमती: मग 'वही' म्हणा. 'गाण्यांची वही'त वाईट काय आहे?

तिरकीट: गाण्यांची वही म्हणजे शिष्य बंदिशी उतरवून घेतात ती. त्यावर हक्क सांगू नका.