पी-टू-पी कर्ज : कुठला प्लॅटफॉर्म बरा, की कुठलाच नको?

हिशेबी_पुणेकर

पी-टू-पी म्हणजे बँक मध्ये न धरता ॲपवरून अनोळखी माणसांना थेट कर्ज देऊन व्याज मिळवणं. ओळखीतले लोक अधूनमधून त्याचा एक तक्ता पाठवतात. डावीकडे नावं : लेनदेनक्लब, फेअरसेंट, लेंडबॉक्स वगैरे. उजवीकडे टक्के : कुठे १२, कुठे १४, कुठे "१८ पर्यंत". खाली प्रश्न : कुठे टाकू?

माझं म्हणणं, तो तक्ता आधी बाजूला ठेवा. पी-टू-पीत तुमच्या हातात काय पडणार हे व्याजदरावर कमी आणि बुडवणारे किती निघतात यावर जास्त ठरतं. तुलना करायची तर त्याची करा.

आकडेच मांडतो. १ लाख रुपये, १०० कर्जदार, प्रत्येकाला १,०००. दर २४ टक्के, मुदत १२ महिने. प्रत्येकाचा हप्ता ९४ रुपये ५६ पैसे. सगळ्यांनी इमानदारीत भरलं तर वर्षाअखेर १,१३,४७२ हातात येतात. "२४ हजार कुठे गेले?" असं इथेच लोक विचारतात. कुठेही गेले नाहीत. मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं परत येतं, त्यामुळे वर्षभर सरासरी ५६ हजारच कामाला असतात.

आता समजा १०० पैकी ७ जणांनी तीन हप्ते भरले आणि फोन बंद केला. ५,९५७ रुपये गेले. प्लॅटफॉर्मचं शुल्क १ टक्का धरू, म्हणजे आणखी १,०००. उरले साधारण ६,५१५. पण कर लागतो तो मिळालेल्या सगळ्या व्याजावर, म्हणजे १२,९१७ वर. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ४,०३० तिकडे. हातात २,४८५. ५६ हजारांवर हे होतात ४.४ टक्के. ७ टक्क्यांची बँक एफडी याच टप्प्यात कर भरून ४.८ देते.

बुडवणारे ७ ऐवजी ३ धरा. तेच गणित १०.३ टक्क्यांवर जातं. व्याजदर तोच, शुल्क तेच. म्हणून मी प्लॅटफॉर्मला एकच विचारतो : अमुक तिमाहीत वाटलेल्या कर्जांपैकी आज किती थकलीत?

ऑगस्ट २०२४ च्या आधी हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. तेव्हा "१२% क्लब", "मिंट" अशा नावांनी, मोबाइल ॲपमधून, ठरलेल्या परताव्याचं आणि हवं तेव्हा पैसे काढण्याचं गाजर होतं. खाली कर्जदार कोण, कुणालाच पत्ता नाही. १६ ऑगस्ट २०२४ ला आरबीआयनं ते मोडीत काढलं : खात्रीच्या परताव्याची जाहिरात नको, हमी नको, नुकसान कर्ज देणाऱ्याचंच, आणि ते वेबसाइटवर जाहीर करा. पुढे काही प्लॅटफॉर्मना दंडही झाले. माझ्या मते हा धंदा तुलना करण्याजोगा झाला तो तिथून.

मतं येऊ द्या.

निवृत्त_शाखाधिकारी

हिशेबीराव, गणित चोख आहे. पण पाया चुकीचा आहे. ७ की ३ हे तुम्ही ठरवणार कसं? मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कर्जखात्यात उभी नोकरी काढली. समोर बसलेला माणूस, पगारपत्रक, दोन जामीनदार, सातबारा, गावातली पत. एवढं बघून दिलेलं कर्जही थकायचं. आणि तुम्ही मोबाइलवर "जोखीम श्रेणी क" वाचून १,००० रुपये देणार.

२४ टक्क्यांनी कर्ज कोण घेतो याचा विचार करा. ज्याला बँक देत नाही, मोठी फायनान्स कंपनी देत नाही, सोसायटी देत नाही, तो. चाळणीतून खाली पडलेलं धान्य तुम्ही वेचताय. बँकेकडे थकबाकीसाठी तरतूद असते, वकील असतात, वसुली अधिकारी असतो. तुमच्याकडे काय? मोहोळच्या कर्जदारानं १,००० थकवले तर पुण्याहून एसटीनं जाऊन यायलाच निम्म्याहून जास्त संपतील.

गोदाकाठचा

साहेब, आदर ठेवून सांगतो, हे बँकेच्या काउंटरमागून दिसणारं जग आहे. तुमच्या बँकांनी पानवाल्याला, डिलिव्हरीवाल्याला, पार्लर चालवणाऱ्या बाईला कधी कर्ज दिलं का? आयटी रिटर्न नाही म्हणून परत पाठवायचे. तो माणूस बुडव्या असतो असं नाही, त्याच्याकडे कागद नसतो.

मी २०१९ पासून यात आहे. माझे नियम साधे. एका कर्जदाराला ५०० ते १,०००, वर एक पैसा नाही. आरबीआय एकाला ५० हजारांपर्यंत देऊ देते, पण देऊ देते म्हणून द्यायचे असं थोडंच आहे? ६ महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कर्जं नको, का ते खाली कुणी सांगेलच. आधीच दोन-तीन ॲपची कर्जं चालू असतील तर नको. आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत रक्कम वाढवायची नाही, कारण पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांचाच परतावा झकास दिसतो. बुडणारी कर्जं अजून बुडायची असतात.

कोविडचं वर्ष धरूनही शुल्क वजा जाता एफडीच्या वर राहिलोय. श्रीमंत झालो नाही. पण "कुठलाच नको" हे पटत नाही.

साताऱ्याची_लेक

गोदाकाठचा दादा, तुम्ही एकेक कर्जदार निवडून देत होता. बहुतेक लोक तसं करत नव्हते. मीही नाही. एका ॲपवर (नाव घेत नाही) "कधीही काढा" असं लिहिलेलं होतं. ऑगस्ट २०२४ नंतर एक दिवस मेल आला : आता पैसे कर्जदार भरतील तसे मिळतील. यादी उघडली तर शेकडो नावं, कुणाकडे ४० रुपये, कुणाकडे ११५. काहींची मुदत ३६ महिने.

पूर्वी मी काढायला गेले की नव्या माणसाचे पैसे माझ्या जागी लावून मला मोकळं करायचे. तेच बंद झालं. नियम बरोबरच होता, पण दार बंद झालं तेव्हा मी आत होते. हिशेबीराव म्हणतात तिथून हा धंदा तुलना करण्याजोगा झाला. माझ्यासाठी तिथून तो अडकला.

हिशेबी_पुणेकर

ताई, तुमचा राग रास्त आहे. पण आधी पैसे पटकन मिळत होते म्हणजे कर्ज पटकन फिटत होतं असं नव्हे ना. तुमच्या जागी दुसरा अडकत होता. नवे येणं थांबलं असतं त्या दिवशी हेच झालं असतं, आरबीआय असो वा नसो.

वसुलीवाला_पिंपरी

मी या धंद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डिजिटल कर्जांच्या वसुलीत काम करतो, कंपनीचं नाव विचारू नका.

हप्ता ५ तारखेला खात्यातून आपोआप जायचा असतो. पगार १ तारखेला येतो. मुरलेला माणूस १ च्या रात्रीच यूपीआयनं सगळे बायकोच्या खात्यात टाकतो. ५ ला खातं रिकामं, हप्ता परत. मग आमचा फोन. पहिल्याच हप्त्याला असं झालं की आम्ही समजून जातो, हे खातं बहुतेक जाणार. म्हणून प्लॅटफॉर्मकडून माहिती काढायची तर ही काढा : पहिला हप्ता चुकवणारे किती? हा आकडा सहसा जाहिरातीत नसतो, आणि कर्ज ज्यांनी पारखलं त्यांची अक्कल यातच कळते.

गोदाकाठच्या भाऊंनी छोट्या मुदतीचं म्हटलं ते खरं. ३०-४५ दिवसांचं कर्ज फिटलेलं दिसतं, पण कसं फिटतं? दुसऱ्या ॲपवरून घेऊन. त्या ॲपचं तिसऱ्यावरून. तोवर सगळ्यांचा एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा, स्वच्छ. साखळी तुटली की एकदम सगळीकडे थकतं.

आणि सिबिलची भीती घालता येते हे अर्धंच खरं. पी-टू-पीवाल्यांना पतसंस्थांकडे... म्हणजे आपल्या गावच्या पतसंस्था नव्हेत, सिबिलसारख्या कंपन्यांकडे नोंद पाठवावी लागते. ज्याला उद्या घराचं कर्ज हवंय तो घाबरतो. ज्याचा स्कोअर आधीच रसातळाला, त्याला काय फरक पडतो?

निवृत्त_शाखाधिकारी

बघा. मी वेगळं काय म्हणत होतो?

कोथरूड_ते_क्रॉयडन

इंग्लंडमधली गोष्ट सांगतो, कारण हा प्रकार इथेच सुरू झाला. झोपा नावाची पी-टू-पी कंपनी २००५ मध्ये आली, जगातली पहिली. नाव चांगलं, नोंदी चांगल्या. २०२० मध्ये त्यांनी बँकेचा पूर्ण परवाना मिळवला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सामान्य लोकांचं पी-टू-पी बंद केलं. फंडिंग सर्कलनं २०२२ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांना कायमचा नमस्कार केला. रेटसेटरकडे बुडीत भरून काढायला वेगळा निधी होता. २०२० च्या मे महिन्यात तो अपुरा पडेल म्हणून गुंतवणूकदारांचं व्याज निम्मं केलं. त्याच वर्षी मेट्रो बँकेनं कंपनी घेतली.

यातलं कुणीही पैसे घेऊन पळालं नाही, हे मुद्दाम सांगतो. चीनसारखं झालं नाही, तिथे हजारो प्लॅटफॉर्म होते आणि २०२० च्या अखेरीस एकही उरला नाही. इंग्लंडमध्ये निराळंच घडलं. प्लॅटफॉर्मला कर्जदार पारखता यायला लागला की त्याला ठेवींचा किंवा संस्थांचा स्वस्त पैसा मिळतो. मग माझे-तुमचे हजार-पाचशे त्याला कशाला हवेत? आणि ज्याला पारखता येत नाही, त्याला ते हवेच असतात. किरकोळ माणूस कुणाच्या वाट्याला येतो ते बघा.

गोदाकाठचा

क्रॉयडनकर, मुद्दा झणझणीत आहे, पण जसाच्या तसा इथे लागू होत नाही. भारतात पी-टू-पी कंपनीला स्वतःच्या खिशातून कर्ज देताच येत नाही, ठेवी घेता येत नाहीत. पैसे कंपनीच्या खात्यातही जात नाहीत. बँकेनंच उभ्या केलेल्या ट्रस्टी कंपनीच्या ताब्यातल्या एस्क्रो, म्हणजे पैसे इकडून तिकडे पोचवण्यापुरत्या, खात्यांतून फिरतात, आणि आता तिथेही एका दिवसाच्या वर पडून राहू द्यायचे नाहीत. कंपनी बंद पडली तरी चालू कर्जांची वसुली पुढे कशी चालेल याची योजना आधी करून ठेवावी लागते. ती कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा प्रश्न आहेच.

साहेबांना एक विचारतो. तुमच्याच भागातल्या पतसंस्था ठेवीवर जादा व्याज देतात, तिथे लोक आयुष्याची कमाई ठेवतात. बँकेच्या ठेवीला ५ लाखांचं विमा कवच आहे, पतसंस्थेला तेही नाही. एक संचालक, त्याचा मेहुणा, मेहुण्याचा कारखाना, आणि संपलं. त्यापेक्षा ५०० अनोळखी लोक परवडले. ते सगळे एका रात्रीत ठरवून तर बुडवणार नाहीत!

निवृत्त_शाखाधिकारी

पतसंस्थेची वकिली मी करत नाही. पण पतसंस्था बुडाली तर ठेवीदार चेअरमनच्या दारात जाऊन बसतो, एमपीआयडी या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, मालमत्ता जप्त होतात, दहा वर्षांनी का होईना काही हाती लागतं. इथे फसवणूकच नाही, तर गुन्हा कुणावर? कर्ज थकलं, एवढंच. सही तुमची, जोखीम तुमची. कायदेशीरपणे पैसे जाण्याचा हा राजमार्ग आहे.

हिशेबी_पुणेकर

हे मात्र मान्य. म्हणून तर सगळं ओझं आधीच्या तपासणीवर येतं.

प्लॅटफॉर्मचं "एनपीए ४ टक्के" हे वाचताना भागाकार कशानं केलाय ते बघा. नवी कर्जं धडाधड वाटली की छेद फुगतो आणि टक्केवारी आपोआप खाली येते. नवं कर्ज थकायला किमान तीन महिने तरी लागतात ना. म्हणून त्या-त्या तिमाहीची तुकडी वेगळी मागायची. एप्रिलची तुकडी पुढच्या एप्रिलात कुठे आहे? दोन प्लॅटफॉर्मच्या एकाच वयाच्या तुकड्या शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं. मागितल्यावर जो देत नाही, तो यादीतून गेला. माझ्या यादीतली बरीच नावं अशीच गेली.

साताऱ्याची_लेक

आणि ज्यांच्याकडे ही उठाठेव करायला वेळ नाही?

हिशेबी_पुणेकर

त्यांनी एफडी. उपहास नाही, खरंच.

गोदाकाठचा

कराचंही लक्षात घ्या. हिशेबीरावांनी ३० टक्के धरले म्हणून ४.४ आले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कर शून्य. त्याच्यासाठी ७ बुडवे धरूनही ११ च्या वर जातं. मी तर सौ.च्या नावावर करायच्या विचारात आहे.

आकडेमोड_सीए

थांबा. पैसे तुमचे आणि नाव पत्नीचं असेल तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाईल, क्लबिंग म्हणतात त्याला. हा सल्ला ॲपचे एजंटही बिनदिक्कत देत फिरतात. शिवाय बुडालेलं मुद्दल व्याजातून वजा करायचा आग्रह काही जण धरतात. सावकारी किंवा फायनान्सचा धंदा नसलेल्या पगारदाराच्या रिटर्नमध्ये मी तरी ते टाकत नाही. आईच्या नावे भेट देऊन गुंतवलं तर क्लबिंग लागत नाही, तेवढं करता येईल.

निवृत्त_शाखाधिकारी

आईंचं वय साठच्या वर असणारच. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्के मिळतात, दर तिमाहीला व्याज खात्यात, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, हमी केंद्र सरकारची. त्या माउलीला पिंपरीच्या वसुलीवाल्यांच्या भरवशावर कशाला ठेवता?

वसुलीवाला_पिंपरी

साहेब, माझ्या आईचे तिथेच आहेत.