'मनप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मध्य आशियातल्या किर्गिझ लोकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. रशियन येण्याआधी त्या भटक्यांचे पुढारी म्हणजे 'मनप'. मी 'टोळीचा सरदार' लिहिलं, पण वाचताना दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. दुसरं काही?

प्रतिसाद: आधी 'टोळी' खोडा. त्यांचा मूळ शब्द 'उरू', म्हणजे एकाच पूर्वजाचं नाव सांगणारे लोक: सारीबागिश, बुगू, सोल्तो, सायाक. तिथे 'कुळी' चालेल. त्याहून लहान गटाला ते 'बिर आतानिन बालदारी' म्हणतात, म्हणजे एका बापाची लेकरं. याला आपली 'भावकी' आयतीच आहे. सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं तोंडपाठ हवीत, असा त्यांचा दंडक होता.

'सरदार'ही नको. सरदारकी वरून मिळते. वस्त्रं, सरंजाम, शिक्का. मनपाला तसं कुणी नेमत नसे. शिवाय मनप हे मुळात सारीबागिशांच्या एका पूर्वजाचं नाव, त्याचाच पुढे हुद्दा झाला असं सांगतात. सीझरचा कैसर झाला, तसंच. मी शब्द जसाच्या तसा ठेवीन.

प्रश्नकर्ता: आणि लेखातला दुसरा किर्गिझ शब्द, 'बी'? न्यायाधीश?

प्रतिसाद: न्यायाधीश म्हटलं की कचेरी आली, पट्टेवाला आला. हा माणूस तंबूत बसून रूढीप्रमाणे चोरीच्या घोड्यांचे निवाडे करायचा. खुनाची भरपाईसुद्धा जनावरांत ठरायची. 'निवाडा करणारा बी' असं एकदा लिहा, पुढे नुसतं 'बी'.

दुसरा प्रतिसाद: मनपाला 'राजा' तर अजिबात नको. १८४०च्या दशकात उत्तरेतल्या कुळ्यांनी सारीबागिशांच्या ओर्मोनला खान केलं खरं, पण सगळ्यांनी त्याचं ऐकलं असं नाही. बुगूंशी बिनसलं आणि त्यांच्याशी झालेल्या लढाईतच तो गेला. बुगूंनी १८५५मध्ये रशियाशी निष्ठेची शपथ घेतली.

प्रश्नकर्ता: मग कुर्मानजान दातका? तीही मनपच का?

दुसरा प्रतिसाद: नाही, ती दक्षिणेची, आलाय डोंगरातली. इथे मात्र तुमची सरदारकी शोभेल, कारण 'दातका' हा वरून मिळणारा किताब. नवरा आलिमबेक कोकंदच्या खानाच्या दरबारातला दातका होता. तो १८६२मध्ये मारला गेल्यावर बुखाऱ्याच्या अमिराने तिला हा किताब दिला. मूळ फारसी 'दादख्वाह'. आपण 'दाद मागतो' ना, तीच ही दाद.

प्रश्नकर्ता: पण दादख्वाह म्हणजे दाद मागणारा. हा तर अधिकारी!

दुसरा प्रतिसाद: लोकांच्या वतीने मागणारा. त्यांचे अर्ज दरबारी पोचवायचे आणि उत्तर आणायचं, हे त्याचं काम.